कोकीळ कावळ्याकडे वाढूनही कुहूच करतो, मग झेब्रा फिंचचं काय होतं?

मे महिन्यातली पहाट. उकाड्याने झोप अर्धवट झालेली असते आणि समोरच्या आंब्यावर कोकीळ सुरू होतो. कुहू, कुहू, दरवेळी सूर एक पायरी वर, आणि थांबायचं नाव नाही. हा गडी कावळ्याच्या घरट्यात वाढला हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. संस्कृतात कोकिळेला 'परभृता' म्हणतात, म्हणजे दुसऱ्याने पोसलेली. अंड्यातून बाहेर आल्यापासून याच्या कानावर पडली ती कावकाव. भरवलं कावळ्याने, राखलं कावळ्याने. तरी मोठा झाल्यावर तो कुहूच करतो आणि जोडीदारीण शोधतो तीही कोकिळाच.

आता दुसरं पिल्लू बघा. झेब्रा फिंच हा मूळचा ऑस्ट्रेलियातला पक्षी. चिमणीपेक्षा लहान, लाल चोचीचा, नराच्या गालावर नारिंगी ठिपका. आपल्याकडे पक्षी विकणाऱ्या दुकानांत हमखास दिसतो. त्याचं अंडं 'बेंगलीज फिंच' नावाच्या दुसऱ्या जातीच्या घरट्यात ठेवलं तर पिल्लू छान वाढतं, धडधाकट होतं, उडतं. पण ते नर असेल तर मोठेपणी दाईच्या नवऱ्याचं गाणं गातं, आणि स्वतःच्या जातीची मादी समोर असताना बेंगलीज मादीपुढे नाचत बसतं.

एक परक्या घरात वाढून कोराच्या कोरा राहिला, दुसऱ्याचं अख्खं मन बदललं. हे कसं, ते नीट समजायचं तर आधी दाईची ओळख करून घ्यावी लागेल.

ही दाई कोण?

बेंगलीज फिंच, किंवा सोसायटी फिंच, रानात कुठेच सापडत नाही. कोंबडी किंवा गाय जशी माणसाने घडवली, तशीच ही. तिची पूर्वज म्हणजे पांढऱ्या पाठीची मुनिया, जिला मराठीत मनोलीही म्हणतात. ती आपल्या सह्याद्रीत आणि कोकणातही आहे. गवताच्या तुऱ्यांवर लटकून बी टिपणारा तपकिरी, जाडजूड चोचीचा छोटा पक्षी पाहिला असेल आणि उडताना त्याच्या पाठीवर पांढरा पट्टा चमकला असेल, तर ती हीच.

अठराव्या शतकात या मुनिया चीनमधून जपानात गेल्या. तिथल्या हौशी लोकांनी त्या अडीचशे वर्षं पिंजऱ्यात वाढवल्या. निवड कशावर केली? पिल्लं नीट वाढवणाऱ्या जोड्या ठेवल्या, घरटं टाकून देणाऱ्या वगळल्या. पुढे पांढऱ्या पिसांचीही हौस आली. त्यातून तयार झाला तपकिरी-पांढऱ्या डागांचा एक कमालीचा शांत पक्षी, ज्याला जणू पिल्लं वाढवण्याचं व्यसनच आहे. एका घरट्यात पाच-सहा मोठे पक्षी एकमेकांवर रेलून झोपतात. जपानी नावाचा अर्थच 'दहा बहिणी' असा आहे. बंगालशी हिचा तसा काही संबंध नाही. जर्मन लोक तिला सरळ 'जपानी' म्हणतात, ते जास्त खरं आहे.

या गुणामुळे जगभरचे फिंच पाळणारे तिला दाई म्हणून ठेवतात. दुसऱ्या जातीची अंडी किंवा पिल्लं तिच्याकडून वाढवून घेण्याला ते 'फॉस्टर करणं' म्हणतात. मी इथून पुढे दाईच म्हणेन.

अंडी बदलतात कशी?

सगळ्यात जास्त पिल्लं तिच्याकडे येतात ती गोल्डियन फिंचची. उत्तर ऑस्ट्रेलियातला हा पक्षी म्हणजे रंगपंचमी आटोपून आलेला: हिरवी पाठ, जांभळी छाती, पिवळं पोट, डोकं काळं, लाल किंवा केशरी. पक्षिशास्त्रज्ञ जॉन गोल्ड यांनी १८४४ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि दिवंगत पत्नी एलिझाबेथ यांच्या आठवणीसाठी त्याला हे नाव दिलं. ऑस्ट्रेलियाने १९६० पासून आपले पक्षी बाहेर पाठवणं बंद केलं. त्यामुळे परदेशातल्या पाळणाऱ्यांना आहेत त्याच पक्ष्यांतून प्रजा वाढवणं भाग पडलं. आणि गोल्डियन पिंजऱ्यात फार भरवशाचे आईबाप नाहीत. जागा बदलली, दिवा लागला, कुणी डोकावलं, की अंडी सोडून देतात. पिल्लांच्या अंगावर पिसं नीट यायच्या आतच रात्रीची ऊब द्यायचं थांबवतात.

मग पाळणारा काय करतो? बेंगलीजच्या दोन-तीन जोड्या तयार ठेवतो. पिंजऱ्यात छोटं मडकं टांगलेलं, आत काथ्या आणि सुकं गवत. गोल्डियन आणि बेंगलीज यांनी साधारण एकाच आठवड्यात अंडी घातली, की गोल्डियनची अंडी उचलून बेंगलीजच्या मडक्यात. पाच-सहा दिवसांनी अंधाऱ्या खोलीत अंडं बारीक दिव्यासमोर धरायचं. आत लाल शिरांचं जाळं दिसलं तर जीव आहे, नुसतं पिवळं दिसलं तर वांझ. सुमारे दोन आठवड्यांत पिल्लं बाहेर येतात आणि तिथून आणखी तीन आठवड्यांनी मडक्यातून बाहेर पडतात. या काळात दाईला राळा, वरी यांसारखं बारीक धान्य, उकडलेलं अंडं, हिरवा पाला आणि कॅल्शियमसाठी समुद्रफेस भरपूर लागतो. ती दाणे स्वतः खाते, गळ्याजवळच्या पिशवीत मऊ करते आणि पिल्लाच्या घशात ओतते.

पण तिला कळत नाही का, की हे आपलं पिल्लू नाही?

हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो, आणि त्यात 'बिचारी फसली' असा एक सूर असतो. पण तिच्या बाजूने विचार करा. रानातल्या मुनियेच्या घरट्यात जे अंडं आहे ते जवळजवळ नेहमी तिचंच किंवा तिच्या जातीचंच असतं. मग ओळख पटवण्याची यंत्रणा कशाला बाळगायची? 'माझ्या घरट्यात आहे ते माझं' एवढा नियम पुरतो. जुन्या चाळीत जेवणाच्या पंगतीला बसलेल्या पोरांची कुणी मोजदाद करत नसे. ताट मांडलंय, पोर बसलंय, वाढा.

तरी दाई काहीही स्वीकारते असं नाही. कॅनरीचं पिल्लू तिच्याकडे दिलं तर बहुधा उपाशी मरेल. याचं कारण मागण्याच्या पद्धतीत आहे. मुनिया, झेब्रा फिंच, गोल्डियन हे सगळे एकाच कुळातले. या कुळातली पिल्लं भूक लागली की मान वर ताणत नाहीत. ती मान खाली ठेवून पिळतात आणि उघडी चोच तिरकी वर करतात. त्या चोचीत, टाळूवर आणि जिभेवर काळे ठिपके असतात. गोल्डियनच्या पिल्लाच्या चोचीच्या कडेला तर निळे चमकदार मणी असतात. ते स्वतः उजळत नाहीत, पण घरट्याच्या अंधारात आलेला थोडासा उजेड परतवतात. भरवणाऱ्या आईला 'इथे ओत' असं सांगणारी ही पाटीच. कॅनरी दुसऱ्या कुळातली, तिची पिल्लं मान सरळ उभी करून चोच उघडतात. दाईला ती मागणीच कळत नाही.

म्हणजे भाषा जुळली तर दाई जातपात बघत नाही. इथपर्यंत सगळं सुरळीत. गुंता पिल्लाच्या डोक्यात होतो.

ओल्या कोब्यावरचं पाऊल

अंगणात नवा कोबा घातला आणि तो ओला असताना मांजर त्यावरून गेलं, तर ते पाऊल कायमचं राहतं. दुसऱ्या दिवशी हत्ती गेला तरी काही उमटत नाही. पक्ष्यांच्या बालपणातल्या अशा उमटण्याला शास्त्रज्ञ 'इम्प्रिंटिंग' म्हणतात. आपण 'ठसा' म्हणू.

जर्मन शास्त्रज्ञ क्लाउस इमेलमान यांनी १९६० च्या दशकात नेमका हाच ठसा तपासला. त्यांनी झेब्रा फिंचची अंडी बेंगलीज दाईकडे दिली. पिल्लं स्वतःचं खाऊ लागल्यावर त्यांना वेगळं केलं. मोठे झाल्यावर या नरांसमोर दोन माद्या ठेवल्या, एक झेब्रा आणि एक बेंगलीज. झेब्रा मादी प्रतिसाद देत होती, जवळ येत होती. बेंगलीज मादीला या नाचऱ्या परक्यात काही रस नव्हता. तरी नर गायले ते बेंगलीजपुढे.

कुणी म्हणेल, चार दिवस स्वतःच्या जातीत राहिला की सुधारेल. इमेलमान यांनाही ही शंका होती. म्हणून त्यांनी काही नरांना फक्त झेब्रा माद्यांबरोबर ठेवलं. त्यांनी जोड्या जमवल्या, घरटी केली, पिल्लं वाढवली. संसार झाला. त्यानंतर पुन्हा दोन माद्यांमधून निवड करायला दिली, तर पुन्हा बेंगलीज. ज्यांना आपल्याच जातीत नांदायला लावलं ते नांदले, पण मन बालपणाच्या घरी होतं.

पुढच्या संशोधनात या चित्राला एक पोटकलम जोडलं गेलं. कोबा एका दमात सुकत नाही. बालपणी ठसा उमटतो, आणि तारुण्यातल्या पहिल्या प्रेमाराधनाच्या वेळी तो पक्का होतो. अगदी पहिला अनुभव स्वजातीच्या मादीबरोबर मिळाला तर काही नरांचा ओढा बदलू शकतो. हा पहिला अनुभव हातचा गेला की मात्र कठीण. शिवाय ज्या झेब्रा नरांना वाढवणाऱ्या जोडीत एक झेब्रा आणि एक बेंगलीज होता, ते बहुतेक झेब्राकडे झुकले. म्हणजे पाटी अगदी कोरी नसते. स्वजातीकडे थोडा कल जन्मतःच असतो, पण घरात त्याला आधार देणारं कुणीतरी लागतं.

शब्द दाईचे, हेल घरचा

गाण्याची गोष्ट मला याहून आवडते.

झेब्रा फिंचमध्ये फक्त नर गातो, आणि गाणं तो शिकतो. साधारण पंचविसाव्या ते पासष्टाव्या दिवसापर्यंत कान उघडे असतात. या काळात जो मोठा नर जवळ असेल त्याचं गाणं मनात साठतं. मग बडबड सुरू होते, तान्ह्या मुलासारखी. हळूहळू स्वर जुळतात आणि तीन महिन्यांच्या आसपास गाणं घट्ट होतं. नंतर त्यात बदल नाही. दाईकडे वाढलेला झेब्रा नर दाईच्या नवऱ्याचे स्वर उचलतो.

पण सगळं उचलतो का? जपानमधल्या ओकिनावातल्या शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये हे बारकाईने तपासलं. बेंगलीज घरात वाढलेल्या झेब्रा नरांचे स्वर बेंगलीजसारखे होते. दोन स्वरांमधल्या शांततेच्या जागा मात्र झेब्राच्याच राहिल्या. सोलापूरचा माणूस मुंबईत झोकात हिंदी बोलतो, शब्द सगळे हिंदी, पण वाक्य कुठे थांबतं आणि कुठे उचललं जातं यावरून गाव कळतं, तसं. मेंदूतही त्यांना दोन प्रकारच्या पेशी सापडल्या. एक गट स्वरांच्या नादाला दाद देतो, दुसरा स्वरांमधल्या थांब्यांना. नाद शिकायचा, थांबा उपजत. बाहेरच्या गोंगाटात 'माझ्या जातीचं गाणं कोणतं' हे ओळखायला पिल्लाला कदाचित हाच थांबा उपयोगी पडत असावा.

आणि आपली सह्याद्रीतली मुनिया? काझुओ ओकानोया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रानमुनियेची पिल्लं बेंगलीजकडे दिली आणि बेंगलीजची रानमुनियेकडे. बेंगलीज पिल्लांनी कुणाचंही गाणं सारख्याच सफाईने उचललं. रानमुनियेच्या पिल्लांना आपल्या जातीचं गाणं चांगलं जमलं, बेंगलीजचं कच्चं राहिलं. रानात चुकीचं गाणं शिकणं परवडत नाही, कारण मादी मिळणार नाही. पिंजऱ्यात जोडीदार माणूसच आणून देतो. अडीचशे वर्षं हा धाक नसल्यावर उपजत चाळणी सैल झाली, असा त्याचा अर्थ लावला जातो.

'पिल्लं जगतात ना, मग बिघडलं कुठे?'

फिंच पाळणाऱ्यांचा हा नेहमीचा सवाल, आणि तो अगदीच चुकीचा नाही. आईने घरट्याबाहेर फेकलेलं पिल्लू दाईमुळे वाचत असेल तर ते वाचवावंच. माझा आक्षेप आहे तो दाईला कारखाना बनवण्यावर. अंडी काढून घेतली की गोल्डियन मादी लगेच दुसरी खेप घालते, मग तिसरी. पिल्लांची संख्या वाढते आणि मादीच्या हाडांतलं कॅल्शियम संपतं. अंडं पोटात अडकून मेलेल्या माद्यांचा हिशेब कुणी फुशारकीने सांगत नाही.

दुसरी गोष्ट अनुवंशाची. जी जोडी पिल्लं वाढवतच नाही, तिची प्रजा पिढ्यानपिढ्या दाईकडून वाढवून घेतली तर न वाढवण्याचा दोष गाळला जाणार कुठे? जपान्यांनी बेंगलीज घडवताना जे केलं त्याच्या अगदी उलट आपण गोल्डियनच्या बाबतीत करतो.

तिसरी गोष्ट आजाराची. कॉक्लोसोमा नावाचा एक सूक्ष्म परजीवी बेंगलीजच्या आतड्यात काही त्रास न देता राहू शकतो. तोच गोल्डियनच्या पिल्लांना सुकवून मारतो. दाईची विष्ठा आधी तपासून घेणं हा खर्च नाही, शहाणपण आहे.

ठशाचा फटका किती मोठा असू शकतो हे पिंजऱ्याबाहेर दिसलं. अमेरिकेत हूपिंग क्रेन हे पांढरे क्रौंच नामशेष व्हायला आले होते. १९७५ पासून त्यांची अंडी आयडाहोमधल्या सँडहिल क्रेनच्या घरट्यांत ठेवली गेली. पिल्लं वाढली, दाईबरोबर न्यू मेक्सिकोपर्यंतचा स्थलांतराचा रस्ताही शिकली. शिकली नाहीत ती एकच गोष्ट, आपण कोण आहोत. मोठी झाल्यावर त्यांनी आपापसात जोड्याच जमवल्या नाहीत. प्रयोग बंद करावा लागला.

न्यूझीलंडने हाच धोका वेळेत ओळखला. चॅथम बेटांवरचे काळे रॉबिन १९८० मध्ये अवघे पाच उरले होते, आणि अंडी घालून पिल्लं देणारी मादी एकच, 'ओल्ड ब्लू'. डॉन मर्टन यांच्या चमूने तिची अंडी टॉमटिट या दुसऱ्या पक्ष्याकडे दिली, म्हणजे ती पुन्हा घालेल. पण टॉमटिटकडे वाढलेले रॉबिन टॉमटिटसारखे वागू लागल्याचं लक्षात आल्यावर, पिल्लं उडायच्या आत पुन्हा रॉबिनच्या घरट्यात परत ठेवायला सुरुवात झाली. दाईकडे वाढ, आईकडे शाळा. आज ते रॉबिन शेकड्यांत आहेत.

घरी फिंच असतील तर

यातून पाळणाऱ्याने घ्यायचं ते फार नाही. दाईच्या पिंजऱ्याशेजारी पिल्लांच्या जातीचे मोठे पक्षी दिसतील आणि ऐकू येतील असे ठेवा. एकटं पिल्लू देऊ नका, दोन-तीन भावंडं एकत्र द्या. स्वतः दाणे फोडून खाऊ लागली की लांबण न लावता स्वजातीच्या थव्यात सोडा, आणि पहिली जोडी स्वजातीतच जमू द्या. आणि रानातल्या मुनिया पकडून दाई बनवायचा विचार कुणी करत असेल तर तो सोडावा. वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्या रानपक्ष्यांना पकडणं आणि विकणं हा गुन्हा आहे.

मग कोकीळ का बिघडत नाही?

आता आंब्यावरच्या गड्याकडे परत.

आपलं गाणं ऐकून शिकणारे पक्षी तीनच गटांत आहेत: पोपट, गुंजनपक्षी आणि गायक पक्षी. फिंच तिसऱ्यात येतात. गंमत म्हणजे कावळाही त्यातच येतो. कोकीळ मात्र कोणत्याच गटात नाही. त्याची कुहू शिकलेली नसते, ती अंड्यातूनच येते. कावकाव कितीही ऐकली तरी ती साठवायला त्याच्या मेंदूत कप्पाच नाही. आणि ज्या कुळातलं प्रत्येक पिल्लू परक्या घरात वाढतं, त्यात पाळणाऱ्यावर प्रेम जडवणारे सगळे युगांपूर्वीच निर्वंश झाले. सातभाईंकडे वाढून पावसाच्या तोंडावर 'पेर्ते व्हा' ओरडणाऱ्या पावशाचंही तेच. झेब्रा फिंचच्या पूर्वजांवर ही वेळ कधी आलीच नव्हती. घरट्यात दिसतो तो बाप, हे त्यांच्या बाबतीत लाखो वर्षं खरं होतं.

आफ्रिकेत मात्र एक पक्षी आहे, जो या दोघांच्या मधोमध बसतो. इंडिगोबर्ड. तो कोकिळेसारखा दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालतो, पण आहे गायक, म्हणजे गाणं शिकतो. त्याने ठसा टाळला नाही, कामाला लावला. फायरफिंच या छोट्या पक्ष्याकडे वाढलेला नर त्या फायरफिंचचं गाणं गातो. तिथेच वाढलेली मादी ते गाणं ऐकून ओळखते, की हा माझ्यासारख्याच घरातला. ती त्याच्याशी जुळते आणि अंडी पुन्हा फायरफिंचच्याच घरट्यात नेऊन घालते. गाणं म्हणजे माहेरचा पत्ता.

अमेरिकेत रॉबर्ट पेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या इंडिगोबर्डची काही पिल्लं आपल्या ओळखीच्या दाईकडे, बेंगलीजकडे वाढवली. आफ्रिकेच्या रानात बेंगलीज नाहीच. नर मोठे झाले आणि बेंगलीजचं गाणं गायला लागले. माद्यांना तेच नर पसंत पडले. अंडी घालायची वेळ आली तेव्हा पिंजऱ्यात फायरफिंचची घरटी होती आणि बेंगलीजचीही. त्या बेंगलीजच्या घरट्यांकडे गेल्या.